अपेक्षित पगार कमी लिहा, हा सल्ला नेमका कोणाच्या सोयीचा?

रिकामा रकाना

दोन दिवसांपूर्वी या मंचावर एका सदस्यांनी 'अर्जांना उत्तरे का येत नाहीत' या मथळ्याचे टिपण लिहिले. त्यातला सल्ला असा की, अर्जातल्या 'अपेक्षित पगार' या रकान्यात मनातल्या आकड्यापेक्षा एक पंचमांश कमी आकडा लिहावा. बोलावणे हमखास येते, आणि मुलाखत एकदा रंगली की आकडा वाढवून घेता येतो. त्याखाली धन्यवादांची रांग लागलेली पाहून मी चार ओळींचे उत्तर लिहायला बसलो होतो, परंतु राग चार ओळींत मावेना.

जाहिरात निघण्यापूर्वीच त्या जागेसाठी पगाराची किमान आणि कमाल मर्यादा कोणीतरी मंजूर केलेली असते. तुमचा आकडा कमाल मर्यादेच्या बराच वर असेल, तर पुष्कळदा अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही, कारण संगणकावरची गाळणी तो आधीच बाजूला सारते. आकडा मर्यादेच्या आत असेल, तर त्यापुढे अनुभव बोलतो. आत असलेला आकडा आणखी खाली ओढून रांगेत पुढचा क्रमांक मिळत नाही. आकडा किमान मर्यादेच्याही खाली गेला, तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार 'स्वस्तात मिळतो आहे' असा येत नाही, 'याचे काम त्या पातळीचे दिसत नाही' असा येतो. मी स्वतः एकदा अडचणीच्या दिवसांत एक तृतीयांश कमी लिहिले होते. फोन आला खरा, पण पलीकडून पहिला प्रश्न आला तो असा: 'आपण याच पदासाठी अर्ज केला आहे ना, की हाताखालच्या पदासाठी?'

सल्ल्याचा उत्तरार्ध तर अधिकच घातक आहे. ट्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती, हे विचारण्यापूर्वी त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवले. चक्रावर १० आलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के निघाला आणि ६५ आलेल्यांचा ४५ टक्के. प्रश्नाशी काडीचा संबंध नसलेला आकडा जर माणसाला इतका ओढतो, तर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा समोरचा विसरेल, ही आशा कोणत्या आधारावर बाळगायची?

चाळणी

मी अकरा वर्षे भरतीचे काम करते आहे, त्यामुळे हा धागा वाचून करमणूक झाली. धागाकर्त्यांनी मर्यादांचे वर्णन बरोबर केले आहे, पण एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली आहे. बहुसंख्य अर्ज कमी आकड्यामुळे बाद होत नाहीत, अवास्तव आकड्यामुळे होतात. एका जागेसाठी तीनशे अर्ज आले आणि मला त्यांपैकी दहा जणांना फोन करायचे असले, तर कमाल मर्यादेच्या दीडपट मागणाऱ्या माणसाशी 'थोडे खाली याल का' अशी विनवणी करण्याएवढा वेळ माझ्याजवळ नसतो. ज्यांना कोठूनच उत्तर येत नाही, त्यांनी आकडा खाली आणून पाहावा, हा सल्ला मला तरी व्यवहार्य वाटतो. चक्राचे प्रयोग वाचून कोणाच्या घरची चूल पेटत नाही.

ताळमेळ

चूल कशाने पेटते ते मी सांगतो. नोकरी गेल्यानंतरच्या पाचव्या महिन्यात मी नेमका हाच सल्ला मानला आणि पाव हिस्सा कमी लिहिले. पहिल्याच आठवड्यात बोलावणे आले, मुलाखतही उत्तम झाली. शेवटी मी धीर करून म्हणालो की जबाबदारी पाहता आकडा थोडा वाढवता येईल का. समोरच्या गृहस्थांनी माझा अर्ज माझ्याकडे वळवला आणि रकान्यावर पेन टेकवून ते नुसते हसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने मी सही केली. पुढच्या सहा वर्षांत प्रत्येक वेतनवाढ टक्क्यांत मिळाली, म्हणजे त्या पडलेल्या आकड्यावरच मिळाली. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला, माझ्याच हाताखाली काम शिकलेला मुलगा माझ्यापेक्षा अधिक घेत होता. आकडा एकदाच लिहिला जातो, पण त्याचा हप्ता वर्षानुवर्षे फेडावा लागतो.

खडूस

ताळमेळ, आपल्या अनुभवाबद्दल सहानुभूती आहे, पण आपण मांडलेला पुरावा धागाकर्त्यांच्या विरुद्ध जातो, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. पाच महिने उत्तर नव्हते, आकडा उतरवल्याबरोबर आठवड्यात बोलावणे आले. म्हणजे सल्ल्याचा पूर्वार्ध खरा ठरला! उत्तरार्ध खोटा असेल, तर तेवढाच खोडून टाका.

रिकामा रकाना

खडूस, मुद्दा मान्य. ताळमेळ यांचा आधीचा आकडा मर्यादेबाहेर असेल, तर तो खाली आणल्याने अर्ज वाचला गेला असणार. मर्यादेच्या आत असलेल्यांनाही आणखी खाली उतरायला सांगणारा सरसकट सल्ला मला मान्य नाही, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे. मर्यादा कोठे आहे हे अर्जदाराला कोणी सांगतच नाही, म्हणून तो अंधारात पायऱ्या उतरत राहतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे लिहिले, ते येथे लागू पडते. वस्तूची प्रत बाहेरून कळत नसेल, तर किंमत पडते तशी विकायला येणाऱ्या गाड्यांची सरासरी प्रतही पडते. मग फार स्वस्त गाडीजवळून गिऱ्हाईक दोन पावले मागे सरकले, तर नवल काय?

अर्धविराम

सगळेजण अपेक्षित पगारावर भांडत आहेत, पण त्याच्या शेजारचा रकाना कोणाला दिसत नाही का? 'सध्याचा पगार' या रकान्याने जेवढे नुकसान केले आहे, तेवढे दुसऱ्या कशानेही केलेले नाही. अपेक्षा निदान माझी असते. सध्याचा पगार ही आधीच्या मालकाने माझ्यावर मारलेली मोहोर असते, आणि नवा मालक तीच पाहून त्यावर काही टक्के चढवतो. एखाद्याला पहिल्या नोकरीत नाडले गेले, तर तो नाडलेपणा त्याच्याबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नोकरीत चालत जातो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून नोकरी देऊ करण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्यास बंदी घातली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार तर मालकाने पूर्वीचा पगार विचारायचा नाही, उलट आपली पगारश्रेणी अर्जदाराला आधी सांगायची आहे. म्हणजे हा प्रश्न विचारल्यावाचून भरती होऊ शकते.

चाळणी

कायदे वाचायला छान वाटतात. सध्याचा पगार आम्ही विचारतो, कारण लोक खोटे बोलतात. दुप्पट आकडे सांगितलेले मी पाहिले आहेत. पगारपत्रक मागितले की अचानक त्यांचा दूरध्वनी बंद होतो. शिवाय श्रेणी जाहीर केली की काय होते तेही ऐकून ठेवा. किमान मर्यादेच्या पात्रतेचा माणूससुद्धा कमाल आकडाच माझा, असे म्हणत दारात उभा राहतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीत श्रेणी छापणे सक्तीचे झाले, तेव्हा घरून करायच्या कामांच्या काही जाहिरातींत 'कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये' अशी ओळ छापून आली. हे आपल्या पारदर्शकतेचे फळ.

अर्धविराम

कायदा चुकवणाऱ्यांचे उदाहरण कायद्याच्या विरोधात देणे, हा युक्तिवाद मी प्रथमच ऐकला. चोर कुलूप फोडतो, म्हणून कुलपे लावू नयेत काय?

ताळमेळ

चाळणीताई, खोटे बोलणाऱ्यांपैकी एक मी आहे. सहा वर्षांनंतर ती नोकरी सोडताना मी सध्याचा पगार एक पंचमांशाने वाढवून सांगितला. तो वाढवलेला आकडाही माझ्या कामाच्या बाजारभावापेक्षा कमीच होता. तीन फेऱ्या झाल्या, नेमणूकपत्र आले, आणि मग पगारपत्रक मागितले गेले. दुसऱ्या दिवशी नेमणूक रद्द झाल्याचे दोन ओळींचे पत्र हातात पडले. माझे काम तीन फेऱ्यांत ज्यांना पसंत पडले होते, त्यांच्या लेखी एका आकड्याने मी अपात्र ठरलो.

चाळणी

एका आकड्याने नव्हे, एका खोट्याने. मीही तेच केले असते. विश्वासाने सोपवायच्या कामावर मी अशा माणसाला का ठेवावे, ते मला कोणीतरी समजावून सांगावे.

अर्धविराम

उलट आपण समजावून सांगा. मंजूर मर्यादा आपल्या टेबलावर असताना 'आमची काही ठरलेली श्रेणी नाही, आपणच सांगा' असे आपण किती अर्जदारांना म्हणाला आहात? तेही खोटेच आहे. फरक इतकाच की आपले पगारपत्रक कोणी मागत नाही.

चाळणी

व्यक्तिगत आरोप करायचे असतील, तर मला या चर्चेत रस नाही. संस्थेने आखून दिलेल्या पद्धतीने मी काम करते.

खडूस

आरोप व्यक्तिगत आहे, पण उत्तर आलेले नाही, एवढी नोंद करून ठेवतो. आणखी एक साधा प्रश्न: चाळणी, आपण स्वतः शेवटचा अर्ज केलात, तेव्हा त्या रकान्यात काय लिहिलेत?

शाईपेन

तुमची हातघाई चालू असताना मधेच बोलते. धागाकर्ते म्हणतात की मर्यादेच्या आत राहून पूर्ण आकडा मागितल्याने बोलावणे कमी होत नाही, पण त्यांनी स्वतःच्या एका फोनपलीकडे पुरावा दिलेला नाही. तो मी देते. नीना रुसिल्ल या अर्थशास्त्रज्ञ महिलेने अभियंत्यांच्या भरतीच्या एका संकेतस्थळाची आकडेवारी तपासली. तेथे उमेदवाराला अपेक्षित पगार लिहावाच लागत असे, आणि कंपन्या त्याची माहिती व तो आकडा एवढेच पाहून स्वतःचा देकार, म्हणजे देऊ केलेला पगार, कळवत. सारखीच पात्रता असलेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा २.९ टक्के कमी मागत होत्या आणि त्यांना येणारे देकारही २.२ टक्क्यांनी कमी होते. मागितलेला आकडा हिशेबात धरला, की देकारांतली तफावत पूर्णपणे नाहीशी होत होती. पुढे २०१८ च्या मध्याला काही उमेदवारांसाठी रिकाम्या रकान्याऐवजी, तशाच पात्रतेच्या लोकांना येणाऱ्या देकारांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, आधीच भरून दाखवण्यात आला. मागण्यांतली दरी मिटली, देकारांतलीही मिटली, आणि जास्त मागू लागल्या म्हणून स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी देकार आले, असे काही झाले नाही.

मी स्वतः चौदा वर्षे 'जास्त मागितले तर बोलावणार नाहीत' या भीतीने आकडे लिहीत आले. मागच्या वर्षी प्रथमच, माझ्याच पदावरच्या एका सहकाऱ्याला त्याचा पगार विचारला आणि तोच आकडा लिहिला. पाच अर्जांना दोन बोलावणी आली. पूर्वीही पाचांना दोनच येत असत.

खडूस

अभियंत्यांच्या बाजारात मागणी अधिक होती, तिथले गणित सगळीकडे लागू होत नाही. ज्या कामाला एका जागेमागे पाचशे हात पुढे येतात, तिथे तोच मध्यक लिहून पाहा. मात्र हा पुरावा आपल्या सगळ्यांच्या रडगाण्यांपेक्षा वजनदार आहे, हे नाइलाजाने मान्य करतो.

चाळणी

शाईपेन यांचा मुद्दा मला पटतो, आणि तो पटतो याचा मला त्रासही होतो. आमच्याकडे येणारे अर्ज मी आज पुन्हा चाळून पाहिले. मर्यादेच्या आतल्या आकड्यांमध्ये कमी मागणाऱ्याला मी आधी फोन केला, असे खरोखर दिसत नाही. मी आधी फोन केला तो अर्ज नीट लिहिणाऱ्यांना. मात्र एक सवय सापडली. फोनवर बोलणे झाल्यानंतर देकार ठरवताना मी मर्यादा पाहत नाही, तुम्ही लिहिलेला आकडा पाहते आणि त्याच्यावर थोडेसे चढवते, म्हणजे घेणाऱ्यालाही बरे वाटते आणि वरिष्ठांनाही. तेव्हा धागाकर्त्यांचे ते चक्र माझ्या टेबलावर आहे, असे समजा. सध्याच्या पगाराबाबत मात्र माझे मत बदललेले नाही.

अर्जदारांकडूनही एक अपेक्षा आहे. आकडा लिहिताना तो हातात येणारा की एकूण, महिन्याचा की वर्षाचा, हे नीट पाहत जा. वर्षाच्या रकान्यात महिन्याचा आकडा लिहिणारे दर खेपेस दहाबारा सापडतात आणि गाळणी त्यांना किमान मर्यादेखालचे समजून टाकून देते. त्यांतल्या कित्येकांना आपल्याला उत्तर का आले नाही, हे कधीच कळत नसेल.

रिकामा रकाना

हे वाचून पोटात गोळा आला. मागच्या महिन्यातले माझे दोन अर्ज मला उघडून पाहावे लागतील.

खडूस

माझा प्रश्न अजून तसाच आहे. चाळणी, आपण स्वतः काय लिहिलेत?

चाळणी

शून्य. तीन आठवड्यांपूर्वी एका ठिकाणी मी अर्ज केला. रकाना रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नव्हता, आणि आकडा लिहायला हात धजावेना. तेथून अजून उत्तर आलेले नाही.

अर्धविराम

आणि सध्याचा पगार?

चाळणी

खरा लिहिला. तेवढ्याचाच आता पश्चात्ताप होतो आहे.