मदत हवी आहे : उन्हाळ्यात बेटा माशाची झाडांची टाकी बिघडली

निळाई : नमस्कार. माझ्या पाणवनस्पती लावलेल्या लहान टाकीतील निळा बेटा मासा, ज्याला नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत फायटर म्हणतात, कालपासून पाण्याच्या वरच्या थराशीच थांबून आहे. दाणा तोंडात घेतो आणि लगेच बाहेर टाकतो. पाणी पांढुरके झाले असून जावा फर्न हे पाण्यातले झाड बुडापासून काळे पडत आहे. पाण्यात बर्फ टाकावा की सगळे पाणी बदलावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

पाणवेल : ताई, टाकी किती लिटरची आहे, ती कधी लावली, फिल्टर आहे का, झाकण कसले आहे आणि दुपारी पाण्याचे तापमान किती असते, हे कळल्याशिवाय उत्तर देणे माशाच्या जिवाशी खेळण्यासारखे होईल. तोवर बर्फ टाकू नका, कारण तापमान एकदम उतरले तर मासा अधिक आजारी पडतो. आज त्याला खायलाही घालू नका.

महालकर : नळाचे पाणी पूर्ण काढून आरओचे (शुद्धीकरण यंत्राचे) भरा, खडी आणि फिल्टरचा स्पंज स्वच्छ धुऊन घ्या. मी दर रविवारी असेच करतो.

पाणवेल : महालकर, आपल्या या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. खडी आणि स्पंज यांवरच माशाच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात, ते नळाखाली धुतले की टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. शिवाय आरओच्या पाण्यातून झाडांना लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बहुतांशी निघून गेलेले असते.

महालकर : माझे मासे तरीही जगतात.

संत्रामळा : नर आणि मादी एकत्र ठेवायचे असल्यास मध्ये काचेचे पार्टिशन घालून आधी आठवडाभर एकमेकांना दिसू द्यावे.

निळाई : मला जोडी लावायची नाही. टाकी बारा लिटरची असून गेल्याच आठवड्यात लावली. स्पंज फिल्टर आहे, वर काचेचे झाकण आहे, नळाचे पाणी बादलीत रात्रभर ठेवून मग भरले. दुपारी चारला पाणी ३३ अंशांवर जाते. शेजारच्या खोलीत कूलर चालतो.

पाणवेल : आता चित्र स्पष्ट झाले. टाकी नवी असल्याने जिवाणूंची वस्ती अजून बसलेली नाही. तिला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर विष्ठा व उरलेले अन्न यांचा अमोनिया साचतो. पाणी तापले की त्याचा विषारी भाग वाढतो. पांढुरकेपणा हा पाण्यात एकदम वाढलेल्या जिवाणूंचा आहे, त्यासाठी औषध नको. आज एक तृतीयांश पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि टाकीइतक्याच तापमानाचे असावे. काचेचे झाकण काढून बारीक जाळी लावा, कारण बेटा उडी मारतो, आणि लहान पंख्याचा वारा पाण्यावर सोडा. मे महिन्यातील आपल्याकडील कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते, मात्र कूलरची दमट हवा त्या खोलीत शिरली तर हा उपाय मंदावेल. तापमान शक्यतो २८ अंशांच्या आसपास आणावे.

फुटाळा : जावा फर्नचे आडवे जाड खोड खडीत पुरलेले आहे का? ते बोटाने दाबून मऊ लागले तर तेवढा भाग कापून टाका आणि उरलेले दगडाला दोऱ्याने बांधा. या झाडाची मुळे खाली गेली तरी चालतात, खोड मात्र उघडे राहावे लागते.

निळाई : खोड पुरलेलेच होते आणि खालचा भाग लगद्यासारखा झाला आहे. अमोनियाची चाचणी १ दाखवते. वाफेने कमी होणारे पाणी कोणत्या पाण्याने भरू?

पाणवेल : तिथे आरओचे पाणी योग्य, कारण वाफ होते ती केवळ पाण्याची, क्षार टाकीतच उरतात आणि नळाचे पाणी भरत राहिल्यास ते वाढत जातात. चाचणी शून्य दाखवेपर्यंत रोज एक तृतीयांश पाणी बदला. त्या बदलासाठी मात्र क्लोरीन काढलेले नळाचेच पाणी घ्यावे. दिवा सहा तासांहून अधिक लावू नका. उद्या संध्याकाळी तापमान आणि अमोनिया दोन्ही आकडे येथे लिहा, आणि मासा दाणा गिळतो का, तेही पाहा.