मदत हवी आहे: आमच्या कुत्र्याचा, शेरूचा एएलपी (रक्ततपासणीत दिसणारं लिव्हरचं एन्झाइम) 1180, लिव्हर वाढलंय. गोळ्या बंद करू का?

नमस्कार. ठाण्यात, वर्तकनगरला राहते. आमचा शेरू आठ वर्षांचा देशी, वजन 19 किलो. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, जिन्याच्या चार पायऱ्या चढला की धापा टाकायचा. शरीरच स्वतःच्या लाल पेशी मारतंय असं निदान झालं आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं, 20 मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ. हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्या. डॉक्टरांचे खरंच उपकार आहेत.

पण आता पोट सुटलंय, आणि पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतात. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरते, रात्री दोनला दार खरवडतो. परवाच्या रिपोर्टात एएलपी 1180 (मर्यादा 150), एएलटी (लिव्हरचंच दुसरं एन्झाइम) 140 (मर्यादा 100), बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) नॉर्मल. सोनोग्राफीत लिव्हर मोठं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळे आहे, घाबरू नका. शेजारच्या काकू म्हणतात, आजच बंद कर, लिव्हर जाईल. दोन रात्री झोप नाही. आमच्या मांजरीलाही पूर्वी हेच औषध होतं, तिचा एएलपी नव्हता वाढला. मग शेरूचाच का?

प्रतिसाद:
ताई, गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत असल्यामुळे त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या) आक्रसून बसल्या असतील. एकदम थांबवलं तर उलट्या होतील, कोसळेलही, शिवाय मूळ आजार उलटेल.

मी नेरूळला प्राण्यांची डॉक्टर आहे, हे रोज बघते. स्टिरॉइडमुळे एएलपीचा एक खास प्रकार कुत्र्याचंच लिव्हर बनवतं, मांजरीचं नाही. एएलटी पेशीला इजा झाली की रक्तात उतरतं. एएलपी मात्र लिव्हर स्वतःच जास्त तयार करतं, म्हणून दोन आकड्यांत एवढी तफावत. लिव्हरच्या पेशींत ग्लायकोजन (साखरेचा साठा) साठून त्या फुगतात, त्यामुळे लिव्हर मोठं आणि जड होतं. त्यात पोटाचे स्नायू झिजलेले, म्हणून पोट लोंबतं. डोस उतरला की बहुतेक वेळा काही आठवड्यांत लिव्हर पूर्ववत होतं, एएलपीला कधीकधी महिने लागतात.

डोळे पिवळे दिसले, जेवण सोडलं किंवा बिलिरुबिन चढलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. पाणी हवं तेवढं पिऊ द्या. डोस कधी, किती उतरवायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि पुढचा रिपोर्ट आला की आधी हिमोग्लोबिन बघा, एएलपी नंतर.