मांजरीची नखं ऑपरेशननं काढणं योग्य आहे का? दुसरे उपाय कोणते?

रानजाई

मांजरी अडीच वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, घराबाहेर अजिबात न जाणारी. सोफ्याच्या दोन्ही हातांचं कापड पार उसवलं आहे. ते एक वेळ चालेल, पण सासरे रक्त पातळ करणारं औषध घेतात. ती त्यांच्या मांडीवरून उडी मारून उतरते तेव्हा नखं लागतात आणि रक्त लवकर थांबत नाही. पुढच्या पायांची नखं लेझरनं कायमची काढता येतात, त्यात त्रास होत नाही, असं सुचवलं गेलं आहे. नखं ठेवून फक्त स्नायूबंध कापायचा, असाही एक प्रकार आहे म्हणे. या दोन्हींत नेमकं काय करतात? आणि हे करायचं नसेल तर खात्रीचे उपाय कोणते? "स्क्रॅचिंग पोस्ट (नखं घासायचा खांब) आणा" एवढंच नको, कारण एक आणून झाला आहे. ती त्याच्याकडे बघतही नाही.

पशुमित्र_वै

आपलं नख कातडीवर बसलेलं असतं. मांजराचं तसं नसतं. तिचं नख बोटाच्या शेवटच्या पेराच्या हाडातूनच वाढतं, त्यामुळे नख कायमचं काढायचं तर ते हाड काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर सांध्यातून छाटायचं. पुढच्या दोन पायांना मिळून अशी दहा पेरं जातात. याला "नखं काढणं" म्हणतात म्हणून ते किरकोळ वाटतं. हा अवयवच्छेद आहे, आणि निर्णय घेताना तोच शब्द डोळ्यांसमोर ठेवावा.

लेझरनं फक्त कापायचं हत्यार बदलतं. रक्तस्राव कमी होतो, पहिल्या काही दिवसांतलं लंगडणं कमी असू शकतं. हाड मात्र तेवढंच जातं, आणि हात चुकला तर आजूबाजूची ऊती भाजते. कात्रीसारख्या हत्यारानं छाटताना हाडाचा तुकडा मागे राहण्याचा धोका जास्त. नख तयार करणाऱ्या पेशी त्या पेराच्या वरच्या, मागच्या कडेला असतात. तेवढा कण राहिला तरी कातडीखाली वेडंवाकडं नख वाढू लागतं आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी तिथं पू होतो. 2018 साली फेलाइन मेडिसिनच्या एका नियतकालिकात नखं काढलेल्या 137 आणि न काढलेल्या 137 मांजरांची तुलना छापून आली होती. नखं काढलेल्यांपैकी 63 टक्क्यांच्या एक्स-रेमध्ये असे तुकडे सापडले. पाठदुखी, लिटर बॉक्सबाहेर (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या डब्याबाहेर) लघवी आणि चावणं या तिन्ही गोष्टी त्या गटात ठळकपणे जास्त होत्या.

त्यामागचं कारण शरीररचनेतच आहे. मांजर बोटांवर चालतं. शेवटचं पेर गेलं की वजन मधल्या पेराच्या टोकावर येतं, त्याला जोडलेला स्नायूबंध आखडतो, आणि शरीर भार मागच्या पायांकडे ढकलतं. लिटरचे टोकदार खडे अशा पंजाला टोचतात, म्हणून ती गादीवर किंवा चटईवर जाते. हातातलं पहिलं शस्त्र गेलेलं असतं, म्हणून दात लवकर वापरते.

स्नायूबंध कापण्याच्या प्रकारात प्रत्येक बोटाखालच्या बंधाचा छोटा तुकडा काढतात. नख राहतं, पण ते बाहेर काढता येत नाही. न वापरल्यामुळे नखाचे जुने थर गळत नाहीत, नख जाड होत जातं आणि वेळेवर कापलं नाही तर वळून पंजाच्या गादीत घुसतं. म्हणजे ऑपरेशनही करायचं आणि नखं कापणंही जन्मभर सुटत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मांडीवरून उडी मारताना जोर मागच्या पायांचा लागतो आणि ओरखडा बहुतेक वेळा मागच्याच नखांचा असतो. पुढची पेरं छाटून सासऱ्यांचे ते ओरखडे थांबणार नाहीत. उलट मांजर चावू लागलं तर दाताची खोल, अरुंद जखम ओरखड्यापेक्षा वाईट. वरून छोटी दिसते, आत जंतू कोंडले जातात.

नखाच्या मुळाशी गाठ झाली, हाडापर्यंत संसर्ग गेला, बोट चिरडलं, तर तेवढं एक बोट काढणं हा उपचार आहे. तो मांजराच्या भल्यासाठी असतो. सोफ्यासाठी निरोगी दहा बोटं छाटण्याशी त्याची गल्लत करू नये.

दोरखंड

पोस्टकडे बघत नाही याची कारणं साधारण ठरलेली असतात: तो बुटका असतो, डुगडुगतो किंवा चुकीच्या कोपऱ्यात असतो. बाजारात मिळणारे बरेचसे 45-50 सेंटिमीटरचे असतात. मांजरीला मागच्या पायांवर उभं राहून पाठ पूर्ण ताणायची असते, त्यासाठी किमान 85-90 सेंटिमीटर हवेत. आणि एकदा जरी तो अंगावर कलला तर ती पुन्हा त्याला पंजा लावत नाही. सोफा तिला का आवडतो? जड आहे, हलत नाही, उंच आहे, नख रुतून खाली ओढता येतं. हे चारही गुण खांबात आणायचे.

घरी करायचा असेल तर 9 × 9 सेंटिमीटरचा, 90 सेंटिमीटर लांब लाकडी खांब घ्या. तळाला 18 मिलिमीटर प्लायवूडचे 50 × 50 सेंटिमीटरचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून स्क्रूनं आवळा. एवढा तळ पाच किलोच्या वर भरतो. खालून खांबात चार लांब स्क्रू, आधी बारीक भोकं पाडून, नाहीतर लाकूड चिरतं. वर 8 मिलिमीटर जाडीचा घायपाताचा म्हणजे सिसलचा दोर. 80 सेंटिमीटर उंची गुंडाळायला सुमारे 100 वेढे बसतात, एका वेढ्याला साधारण 38-39 सेंटिमीटर दोर लागतो. म्हणजे 39 मीटर झाला, आणताना 42 आणा. तेलाचा वास मारणारा दोर नको, मांजरं त्याला टाळतात. नायलॉनही नको, नख त्यात रुतत नाही.

सुरुवातीचं टोक पिन मारून पक्कं करा, लाकडाला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावत जा आणि दर सात-आठ वेढ्यांनी हातोडी व लाकडाच्या तुकड्यानं वेढे खाली ठोकून घट्ट बसवा. इथे आळस केला की आठवड्याभरात वेढे सैल पडतात, त्यात नख अडकतं, मांजर घाबरतं आणि खांब वाया जातो. मधे कुठेही पिन मारू नका, पुढे दोर झिजला की ती उघडी पडते. झाल्यावर वरच्या टोकाला हातानं जोरात ढकलून पाहा. तळाची कड उचलली गेली तर तळ आणखी मोठा करा.

खांब ठेवायचा सोफ्याच्या उसवलेल्या हाताला अगदी चिकटून. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या. त्याच वेळी सोफ्याच्या त्या भागावर दुहेरी चिकटपट्टी किंवा जाड गुळगुळीत प्लास्टिक घट्ट लावा. नुसतं सोफा झाकून भागत नाही आणि नुसता खांब ठेवूनही नाही, दोन्ही एकाच दिवशी करायचं. झोपेतून उठल्या उठल्या मांजर अंग ताणतं, म्हणून तिच्या झोपायच्या जागेजवळ दुसरा खांब असला तर फारच उत्तम. तिनं खांबाला पंजा लावला की दोन-तीन सेकंदांच्या आत आवडीचा खाऊ. तिचे पंजे धरून खांबावर घासायचे नाहीत, त्यानं ती खांबाचाच धसका घेते. सोफ्यावर पाणी मारणं, ओरडणंही नको. त्यातून ती एवढंच शिकते की माणूस खोलीत असताना सोफा ओरबाडायचा नाही.

दोन-तीन आठवडे रोज खांब वापरला की मग रोज पाच-सात सेंटिमीटरच सरकवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एकदम नेला की ती सोफ्याकडे परत. आणि दोर पिंजल्यावर लगेच बदलू नका. पिंजलेला, तिच्या वासाचा खांबच तिला हवा असतो.

एक तपासा: ती सोफ्याचा उभा भाग ओरबाडते की बसायची आडवी बाजू? काही मांजरांना आडवंच आवडतं. त्यांना 60 सेंटिमीटर लांबीचा नालीदार पुठ्ठ्याचा पाट जमिनीवर द्या, खाली घसरू नये म्हणून रबरी चटई.

रानजाई

उभा भागच. खांबाचं समजलं. सासऱ्यांसाठी नखं कापत राहणं पुरेल का? आणि नखांवर चिकटवायच्या टोप्या कशा असतात?

अनुजा_व

नखं नीट कापली तर बहुतेक घरांत पुरतं. तुमच्याकडे दर 10 ते 14 दिवसांनी, आणि मागची आठ नखं विसरायची नाहीत. ती झोपाळलेली असताना बसा. बोटाच्या वरून अंगठा आणि खालच्या गादीवर तर्जनी ठेवून हलकं दाबलं की नख बाहेर येतं. आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. त्याच्या पुढे 2 मिलिमीटर सोडून फक्त वळलेलं पारदर्शक टोक कापा. कात्रीची पाती उभी धरा, म्हणजे एक पातं नखाच्या वर, एक खाली. आडवी धरली तर नख दोन्ही बाजूंनी चेपून उभं चिरतं आणि ती चीर टोकापेक्षा जास्त ओरबाडते. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही, ते झिजत नाही, ते सर्वांत आधी गादीत घुसतं. तेच नेहमी राहून जातं.

सगळी 18 एका बैठकीत झालीच पाहिजेत असं नाही. शेपूट आपटू लागली की थांबायचं, तीन नखं झाली असली तरी. गुलाबी भाग कापला गेला तर स्टिप्टिक पावडर (रक्त थांबवणारी पूड), ती नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. मधेमधे उचलून बघू नका. दहा मिनिटांनंतरही वाहत असेल तर डॉक्टर. शेवटी टोकावर बारीक फाइल चार-पाच वेळा फिरवली तर सासऱ्यांच्या कातडीला खूपच फरक पडेल.

टोप्या मऊ प्लास्टिकच्या, पोकळ असतात. मापं वेगवेगळी येतात, माप चुकलं की सगळं चुकतं. मोठी टोपी दोन दिवसांत गळते, घट्ट टोपीत नख आत जात नाही. आधी नख कापायचं, रक्त आलं असेल तर त्या दिवशी त्या बोटाला टोपी नाही. टोपीचा एक तृतीयांशच गोंदानं भरायचा. जास्त झाला की बाहेर येऊन केसांना चिकटतो आणि ती चाटत बसते. बसवल्यावर नख आत-बाहेर होतं ना ते पाहा, आणि पाच मिनिटं तिला खेळवत ठेवा. पहिल्या दिवशी दोनच. टोप्या साधारण चार ते सहा आठवड्यांत नखाबरोबर गळतात. त्याहून जास्त राहिली तर टोपीचं टोक कापून सोडवून काढायची, नाहीतर आत नख वाढून वळतं. बाहेर जाणाऱ्या मांजराला लावू नयेत, तिला झाडावर चढता येत नाही. तुमची घरातच असते, त्यामुळे हरकत नाही. मागच्या नखांनाही लावता येतात.

शिवाय मांडीवर जाड घडी घातलेली रजई, आणि हातानं तिच्याशी खेळणं पूर्ण बंद, काठीला बांधलेलं खेळणं वापरा. ओरखड्यातून होणाऱ्या तापाचे जंतू मांजरात पिसवांमुळे पसरतात, म्हणून घरातल्या मांजरालाही पिसवांचं औषध वेळेवर हवं. ओरखडा झालाच तर वाहत्या पाण्यात साबणानं धुऊन दाबून धरायचं, आणि किती वेळ रक्त वाहिलं तर दवाखाना गाठायचा हे सासऱ्यांच्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

धुकं

हे सगळं पटतं, पण एक मुद्दा. कुटुंब मांजर सोडून देण्याच्या टोकाला आलं असेल तर? रस्त्यावर किंवा पिंजऱ्यात जाण्यापेक्षा नखांविना घरात राहणं बरं नाही का? सरसकट बंदीनं मांजरांचंच नुकसान होईल.

पशुमित्र_वै

प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्यात धरून चाललेली गोष्ट तपासता येते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 2018 मध्ये बंदी आली. तिथल्या निवाऱ्यांच्या आधीच्या व नंतरच्या नोंदी संशोधकांनी पाहिल्या, बंदीमुळे मांजरं जास्त सोडली गेली असं दिसलं नाही. न्यूयॉर्क राज्यात 2019 पासून, इस्रायलमध्ये 2011 पासून मनाई आहे. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाचा युरोपीय करार 1987 चा, त्यातही उपचाराव्यतिरिक्त नखं काढायला बंदी आहे.

आणि ऑपरेशननं घर टिकेलच असं नाही. लिटरबाहेर लघवी आणि चावणं ही मांजर सोडून देण्याची फार मोठी कारणं, आणि नेमकं तेच या मांजरांत जास्त दिसतं. सोफा बदलता येतो, खोली बंद ठेवता येते, दुसरं घर शोधता येतं. छाटलेलं पेर परत येत नाही. ज्याचं दुखणं त्याला विचारता येत नाही आणि फायदा दुसऱ्याचा, अशा ठिकाणी परत न फिरवता येणारा उपाय शेवटचा म्हणूनही मला मान्य नाही.

धुकं

नोंदींचं माहीत नव्हतं. मग आधीच नखं काढलेलं मांजर दत्तक आलं तर काय बघायचं?

पशुमित्र_वै

पहिल्याच तपासणीत चारही पंजांचा एक्स-रे, तुकडे राहिलेत का बघायला. तुकडा असेल आणि दुखत असेल तर तो काढता येतो. पंजाला हात लावू न देणं, उडी मारण्याआधी घुटमळणं, पाठीवर हात फिरवला की कातडी थरथरणं, पोटावरचे केस चाटून काढणं, ही दुखण्याची लक्षणं. मांजर लंगडेलच असं नाही, दोन्ही पाय सारखे दुखत असले की लंगडणं दिसत नाही.

लिटर बारीक, मऊ वाळूसारखं किंवा कागदाचं, गोळ्यांचं नको. बॉक्सची एक कड 8-10 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. वजन ताब्यात, चढायच्या जागांना मधली पायरी. वेदनाशामक फक्त पशुवैद्यानं दिलेलं. माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. आणि तिलाही खांब द्याच, नखं नसली तरी अंग ताणायला आणि पंजाचा वास सोडायला तो तिला लागतो. तिच्यासाठी दोराऐवजी गालिच्याचा तुकडा गुंडाळा.