मदत हवी आहे: आईच्या एबीजीत बायकार्बोनेट ३२, किडनी गेली का?

सुमेधा_क: जरा लवकर उत्तर द्या प्लीज. आई ॲडमिट आहे, आज मनगटातून रक्त काढून एबीजी (रक्तातल्या वायूंची आणि आम्लाची तपासणी) केली त्यात बायकार्बोनेट ३२ आलंय, पुढे हाय लिहिलंय. नेटवर बघितलं तर रक्तातलं ॲसिड आटोक्यात ठेवणारं हे बायकार्ब किडनी सांभाळते म्हणे, मग किडनीलाच काही झालं का? डॉक्टर आता सकाळीच भेटणार, सिस्टर म्हणतात सरांनाच विचारा. डोकं फिरलंय माझं.

पांथस्थ: एकट्या बायकार्बवरून काय कप्पाळ सांगणार? पीएच किती, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) किती, किडनीचं क्रिएटिनिन किती? आणि ॲडमिट कशासाठी केलंय ते तरी लिहा.

सुमेधा_क: दम लागतो म्हणून, अजून कशासाठी! सीओपीडी आहे, श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार, जुनाच. बिडी-सिगरेट काही नाही, जन्म चुलीपुढे गेला. पीएच ७.३४, सीओटू ६२. क्रिएटिनिन ०.९, नॉर्मल आहे म्हणून लिहिलं नव्हतं.

बंड्या_मिरजकर: ॲसिड वाढलंय, सोपं आहे. सकाळी कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, आमच्या मेव्हण्याला आठवड्यात फरक.

पांथस्थ: बंडोपंत, मेव्हण्याचं पोट वेगळं आणि हे रक्त वेगळं. सोडा म्हणजे बायकार्बोनेटच की, ते आधीच ३२ आहे, त्यात अजून कुठे ओतताय?

रात्रपाळी_डॉक्टर: ताई, क्रिएटिनिन ०.९ आहे आणि बायकार्ब चढलंय, म्हणजे किडनी गेलेली नाही, उलट मान मोडून काम करतेय. फुफ्फुसातून सीओटू नीट बाहेर पडत नाही, तो साठला की रक्त आम्लाकडे झुकतं, मग किडनी लघवीतून जास्तीचं ॲसिड काढते, मुख्यतः अमोनियमच्या रूपात, आणि तसं करताना नवीन बायकार्ब बनवून रक्तात सोडते. याला ३ ते ५ दिवस लागतात. ढोबळ हिशोब असा की सीओटू ४० च्या वर दर १० ला बायकार्ब १ ने वाढतं जर सीओटू अचानक चढला असेल तर, आणि जुना असेल तर साडेतीन-चारने. आईंचा २२ ने वर आहे. आजच चढला असता तर बायकार्ब २६ च्या आसपास दिसलं असतं आणि पीएच ७.२५ पर्यंत उतरलं असतं. ३२ म्हणजे सीओटू बरेच दिवस वर आहे. क्लोराइड किती आहे?

लेहवाला: आमच्या लेह ट्रिपला याच्या बरोबर उलटं! हवा विरळ, माणूस जोरजोरात श्वास घेतो, सीओटू उतरतो, मग किडनी बायकार्ब लघवीत सोडून देते. डायमॉक्सची गोळी तेच काम लवकर करवते. काकूंना देऊन बघा की.

रात्रपाळी_डॉक्टर: देऊन बघायची गोष्ट नाही ती. लेहला तुमची फुफ्फुसं धडधाकट होती. इथे सीओटू बाहेर काढायची ताकदच कमी, त्यात बायकार्ब घालवलं तर पीएच अजून घसरेल.

सुमेधा_क: क्लोराइड ९३. भाऊ म्हणतोय ऑक्सिजन ८९ दाखवतंय तरी सिस्टर फ्लो वाढवत नाहीत, आपणच वाढवू का? आणि पायाला सूज असते म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालूच असते, त्याचा काही संबंध?

पांथस्थ: लॅसिक्स! हे आत्ता सांगताय?

रात्रपाळी_डॉक्टर: भावाला म्हणावं हात लावू नकोस. सीओटू साठणाऱ्या पेशंटला ८८ ते ९२ च ठेवतात, ९८ ला नेलं तर सीओटू अजून चढू शकतो. लॅसिक्सनेही बायकार्ब वाढतं आणि क्लोराइड उतरतं, त्यामुळे ३२ सगळं सीओटूपायीच असं आता म्हणवत नाही. सकाळी पोटॅशियमचं आणि लॅसिक्सच्या डोसचं विचारा. आई गुंगीत गेल्या, असंबद्ध बोलायला लागल्या, उठवून उठेनात, तर सकाळची वाट बघू नका, तडक सिस्टरला गाठा.

अनुभवी_काका: घरी नेताना ऑक्सिजनचं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, पाच लिटरचाच घ्या. दहावाला रात्रभर घरघरतो, लाइटबिलही येतं भरमसाठ.

सुमेधा_क: काका, आई अजून वॉर्डात आहे हो. डॉक्टर, पोटॅशियम ३.१ आहे, कमीच, आत्ता बघितलं. सिस्टरना दाखवायला चालले.