औषधांच्या जुन्या युरोपीय बरण्या कमरेत बारीक का?

प्रश्न (निपाणी): आमच्या आजोबांच्या वैद्यकीच्या फडताळात सरळ उभट बरण्या असत. इटलीतील जुन्या औषधशाळांच्या चित्रांत मात्र चिनी मातीच्या बरण्या मधोमध आत गेलेल्या दिसतात आणि त्यांना झाकणही नसते. हे केवळ शोभेसाठी होते का?

उत्तर (शहापूर, बेळगाव): नाही. या बरणीला ‘अल्बारेलो’ म्हणतात. हा आकार इस्लामी देशांतून स्पेनमार्गे आला आणि १५व्या शतकात इटलीत रुजला. दाटीने मांडलेल्या बरण्यांतून नेमकी एक काढताना बोटे त्या खाचेत बसत. तोंडावर चर्मपत्र ठेवून कडेखाली दोरीने आवळत असत, म्हणजे आपण लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो, तसेच.

उत्तर (खानापूर): कुंभारकाम आमच्या घरचे असल्यामुळे एक दुरुस्ती सुचवतो. ही चिनी माती नव्हे. साधी माती एकदा भाजून तिच्यावर शिशाच्या झिलईत कथिलाची भस्मे मिसळून दिलेला पांढरा, अपारदर्शक थर असे, आणि तो कच्चा असतानाच कोबाल्टचा निळा वगैरे रंग भरून पुन्हा भाजत. कोरडा थर रंग लगेच शोषून घेतो, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही; हात किती सराईत असेल, याची कल्पना आम्हालाच येईल!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग काकवीसारखी पातळ औषधे कशात ठेवत?

उत्तर (शहापूर, बेळगाव): त्यांच्यासाठी चोच आणि मूठ असलेली वेगळी भांडी असत; अल्बारेलोत मलमे, चाटणे आणि सुक्या वनस्पती ठेवत. औषधाचे नाव बहुधा लॅटिनमध्ये, तेही संक्षेपाने, बरणीवरच रंगवलेले असे.