मदत हवी आहे: न्यूट्रलायझेशनची उष्णता (ॲसिड आणि अल्कली एकत्र आल्यावर दर मोलमागे सुटणारी) ५७ किलोजूलऐवजी ४६ येतेय, कुठे चुकतंय?

बारावी सायन्सला आहे, सोमवारी जर्नल द्यायचंय. प्रॅक्टिकल साधंच, थर्मोकोलचे दोन कप एकात एक घालून बीकरमध्ये ठेवले, वर पुठ्ठ्याचं झाकण, भोकातून थर्मामीटर. ५० मिली १ मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) आणि ५० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्ही आधी २९ अंशांवर होती, ओतल्यावर ढवळत राहिले तर ३४.५ वर जाऊन थांबलं. म्हणजे १०० ग्रॅम × ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता) × ५.५ अंश = २२९९ जूल, भागिले ०.०५ मोल, आले मोलमागे ४६ किलोजूल. पुस्तकात ५७.३ आहे!! परत केलं तरी तेच. मैत्रीण म्हणते कपातून उष्णता गेली, पण एवढी जाते का? सोडा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) मीच ४ ग्रॅम वजन करून १०० मिली केला होता, गोळ्या वॉच ग्लासला चिकटत होत्या म्हणून थोडा वेळ गेला त्यात, बाकी काही वेगळं केलं नाही. थर्मामीटर १ अंशाचा आहे, .५ अंदाजाने घेतलं.

प्रतिसाद: अगं तू स्वतःच उत्तर लिहिलंयस की, गोळ्या चिकटत होत्या! सोडा हवेतलं पाणी ओढतो, वर कार्बन डायऑक्साइडही खातो, म्हणजे ४ ग्रॅममध्ये सोडा ४ ग्रॅम नव्हताच. सगळं बरोबर असतं तर तापमान ६.८५ अंश वाढायला हवं होतं. उरलेला सोडा त्याच ॲसिडने टायट्रेट कर, म्हणजे तो पुरता संपायला किती ॲसिड लागतं ते मोज, आणि खरे मोल घे. थर्मामीटरही ०.१ वाला माग लॅबमध्ये, दोन्ही टोकांना अर्धा अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर ५.५ मध्ये १ अंशाची चूक, ती काय थोडी आहे का. कपाला उगाच शिव्या देऊ नका.

धागाकर्ती: केलं! १० मिली सोड्याला ८.५ मिलीच ॲसिड लागलं. म्हणजे ०.०४२५ मोल, आता ५४ येतात. खूप थँक्स दादा. अजून एक, पुढच्या वेळी पोटॅशियम नायट्रेट विरघळवायचंय, त्यात पाणी गार होतं, मग तिथे बाहेरची उष्णता आत येऊन तापमानातली घट खऱ्यापेक्षा कमी दिसेल ना?

प्रतिसाद: हो, बरोब्बर.