शिडाच्या होडीत ऐन पाण्यावर काही तुटलं तेव्हा… (अनुभव धागा)

वारा छान आहे, शीड भरलंय, होडी पळतेय, आणि कुठून तरी ‘टक्’ असा आवाज येतो. छोट्या होड्या चालवणाऱ्या बहुतेकांनी हा आवाज एकदा तरी ऐकलेला असतो. त्यानंतर काय झालं ते इथे लिहा. काय तुटलं एवढ्यावर थांबू नका. पहिल्या मिनिटात काय केलंत, हाताशी काय होतं, परत कसे आलात, हे सविस्तर येऊ द्या. नव्याने शिकणाऱ्यांना खरा उपयोग त्याचाच होतो.

सुरुवात मी करते. आम्ही दोघी होतो, वारा साधारण १२ नॉट (ताशी सुमारे २२ किमी). डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार, श्राउड, खाली एका पिनेत अडकवलेली असते आणि ती पिन निसटू नये म्हणून तिला एक बारीक रिंग असते. जिबचा (पुढच्या छोट्या शिडाचा) दोर घासून घासून ती रिंग उघडली, पिन सरकली आणि वाऱ्याकडची तार सुटून लोंबायला लागली. मैत्रीण सुकाणूवर होती. तिने काही न बोलता तडक टॅक घेतला, म्हणजे नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घेतला. टॅक घेतला की ताण दुसऱ्या, शाबूत तारेवर जातो. डोलकाठी वाचली ती केवळ तिच्या त्या चपळाईमुळे. मग जिब उतरवला, त्याचा मोकळा झालेला हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) सुटलेल्या बाजूच्या, तार अडकवायच्या पट्टीला ओढून बांधला आणि शाबूत तार वाऱ्याकडे राहील अशाच दिशेने, मेनशीट (मोठ्या शिडाचा दोर) सैल ठेवून किनारा गाठला. तो घाट आमच्या धक्क्यापासून बराच लांब होता, पण त्या दिवशी कुठलाही किनारा चालला असता.

• • •

ताई, तुमच्या मैत्रिणीला सलाम. आमचं सुकाणूच गेलं होतं. मी आणि पुतण्या. सुकाणू ज्या दोन खिळ्यांवर फिरतं त्यातली वरची तुटली, खालची आपोआप कडीतून निघाली आणि पातं पाण्यात तरंगत मागे राहिलं. टिलर (सुकाणूचा दांडा) माझ्या हातात हलका झाला तेव्हा कळलं. होडी आपोआप वाऱ्याकडे वळून थांबली, शिडं फडफडू लागली. आधी दोन्ही शीट (शिडांचे दोर) पूर्ण सैल सोडल्या आणि काही क्षण नुसते बसलो. पुतण्या घाबरला होता, त्याला काम देणं गरजेचं होतं, म्हणून जिब त्याच्याकडे दिला.

सुकाणूशिवाय होडी वळवता येते हे शिकताना सगळेच करून बघतात. पण खरी गरज पडते तेव्हा त्यातली प्रत्येक गोष्ट किती संथपणे करावी लागते ते कळतं. मेन (मोठं शीड) आवळलं आणि जिब सोडला की नाळ वाऱ्याकडे जाते. जिब आवळून मेन सोडलं की वाऱ्यापासून दूर. दोघंही वाऱ्याकडच्या काठावर बसलो की होडी वाऱ्यापासून दूर वळते, आत सरकलो की पुन्हा वाऱ्याकडे. सेंटरबोर्ड (होडीखाली पाण्यात उतरणारी फळी) थोडा वर घेतल्यावर तिची वाऱ्याकडे वळायची ओढ कमी झाली, हा फरक सर्वांत मोठा होता. शेवटच्या टप्प्यात वल्हं दोराच्या फासात अडकवून मागच्या काठावरून सुकाणूसारखं धरलं. पुतण्याने त्या दिवशी जिब जसा सांभाळला तसा मोठ्या माणसांनाही जमत नाही.

• • •

सुकाणूवरून आठवलं. २०१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करत होत्या, तेव्हा हिंदी महासागरात त्यांच्याही सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावं लागलं. त्यानंतर त्या मे महिन्यात गोव्याला सुखरूप पोहोचल्या. बिघाड झाला म्हणून सफर फसली असं नवशिक्यांनी मनात आणू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

• • •

वारा पडला, ओहोटी बाहेर ओढत होती, म्हणून छोटं इंजिन लावलं. इंजिन व्यवस्थित चालतंय, होडी मात्र जागची हलेना. पंख्याची पिन तुटलेली. ती मुद्दाम मऊ धातूची असते, पंखा कशावर आदळला तर पिन तुटते आणि गिअर वाचतात. लगेच नांगर टाकला, दोर खोलीच्या सहा-सात पट सोडला, नांगर पक्का रुतला. मगच शांतपणे नवी पिन बसवली. जादा पिन इंजिनच्या झाकणाखालीच चिकटवलेली होती.

• • •

आमची होडी उलटली, त्यात विशेष काही नव्हतं. पण सरळ केल्यावर ती तरंगेना. हवेच्या टाकीच्या झाकणाची रबरी कडा सुकून तडकली होती आणि टाकीत पाणी भरलं होतं. होडी काठापर्यंत बुडालेली, प्रत्येक लाटेबरोबर पुन्हा आडवी पडायची. किनारा जवळ दिसत होता. माझ्या जोडीदाराला पोहून जावंसं वाटत होतं, मी त्याला जाऊ दिलं नाही. आडवी होडी लांबूनही दिसते, पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहिलो, ही जगभर मान्य असलेली संकटखूण आहे. एका मासेमारी बोटीने ती ओळखली. त्या बोटीवरच्यांचे उपकार आजही तितकेच वाटतात. हाती वीएचएफ (सागरी रेडिओ) असेल तर चॅनेल १६ वर मदत मागा.

• • •

सुकाणूवाले दादा, खिळी नेमकी कुठून तुटली होती? स्टेनलेस स्टील बाहेरून चकचकीत असतं, पण जिथे ओल साचते आणि हवा पोहोचत नाही अशा फटींत ते आतून कुरतडलं जातं. तारांचंही तसंच, जिथे तार टोकाच्या नळीत शिरते तिथे तपकिरी ओघळ दिसला की ती बदलावी. तारेवरून कापसाचा बोळा फिरवून बघा. तारेतला एखादाच धागा तुटलेला असला तरी तिथे कापूस अडकतो.

• • •

वेल्डच्या कडेला तुटली. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळा पडलेला होता आणि निम्मा ताजा, चमकदार. म्हणजे चीर कितीतरी आधीपासून होती, त्या दिवशी उरलेला अर्धा तुटला. पातं दुसऱ्या दिवशी वाळूत सापडलं. नव्या खिळ्या वेल्ड नसलेल्या, अखंड सळईच्या करून घेतल्या आहेत आणि पातं आता होडीला दोरीनेही बांधलेलं असतं.